युरिया ऑर्गॅनिक, बोर्डो इनऑर्गॅनिक

गेल्या फेब्रुवारीत निफाडकडे नानांच्या द्राक्षाच्या मळ्यात गेले होते. नाना म्हणजे माझे चुलते. तोडणी आठवड्यावर आलेली. मजूर बायका घडांवरचे पेपर सोडवत होत्या आणि नाना रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एकेका मण्याचा रस पिळून तो उजेडाकडे धरत होते. "अठरा आली," म्हणाले. शुगर अठरा टक्के म्हणजे माल गाडीत चढायला तयार. दोन वर्षांपासून त्यांनी एक एकर बाग ऑर्गॅनिक केली आहे, आणि त्या एकराबद्दल ते नातवंडांपेक्षा जास्त बोलतात.

मी सहज बोलून गेले, "नाना, आमच्या केमिस्ट्रीत युरिया ऑर्गॅनिक असतो बरं का. आणि तुम्ही डावणी रोगावर फवारता तो बोर्डो इनऑर्गॅनिक."

नानांनी डोळ्याचा रिफ्रॅक्टोमीटर खाली घेतला. "मंग त्या सर्टिफिकिटाचं काय करू? चुलीत घालू?"

मी नाशकात अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. दरवर्षी जूनमध्ये एखादा शेतकऱ्याचा मुलगा तो विचारतोच. नानांना बांधावर बसून जे सांगितलं ते, आणि चहा आल्यामुळे राहून गेलं ते, इथे लिहिते.

आधी शब्दाचा घोळ. 'ऑर्गन' म्हणजे इंद्रिय, म्हणून ऑर्गॅनिकला आपण 'सेंद्रिय' म्हटलं: इंद्रियं असलेल्या जिवांपासून आलेलं. दोनशे वर्षांपूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ असंच मानत. साखर, तेल, आम्लं, मूत्रातला युरिया हे पदार्थ फक्त जिवंत देहातच तयार होतात, त्यासाठी काहीतरी 'प्राणशक्ती' लागते, काचेच्या भांड्यात ते जमायचं नाही, अशी समजूत होती. शेतीतला 'ऑर्गॅनिक' हा शब्द अजून त्या जुन्या अर्थाच्या आसपास राहतो: कारखान्यातलं नको, निसर्गातलं हवं. रसायनशास्त्राने मात्र तो अर्थ सोडून दिला, आणि सोडायला कारण ठरला तो नेमका युरियाच.

१८२८ साली फ्रीडरिक व्होलर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ अमोनियम सायनेट नावाचं क्षार बनवायच्या खटपटीत होता. द्रावण आटवल्यावर हाती आले ते पांढरे स्फटिक भलतेच निघाले. तपासले तर युरिया, मूत्रात असतो तोच. आपले गुरू बर्झेलियस यांना त्याने कळवलं की मूत्रपिंडाशिवाय, मग ते माणसाचं असो की कुत्र्याचं, मला युरिया करता येतो. या एका प्रयोगाने प्राणशक्ती रातोरात मेली असं पुस्तकं सांगतात. ते काही खरं नाही, ती समजूत पुढे कैक वर्षं रेंगाळली. पण मला त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. अमोनियम सायनेटमध्ये जे अणू आहेत, तेच आणि तेवढेच युरियात आहेत. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. काही घातलं नाही, काही काढलं नाही. फक्त कोण कोणाला धरून बसलंय ते बदललं, आणि पदार्थच दुसरा झाला.

आज ऑर्गॅनिक केमिस्ट्री म्हणजे कार्बनच्या संयुगांचं शास्त्र, बस. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' म्हणतात, तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. युरियात कार्बन आहे, म्हणून तो या बाजूला. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि कळीचा चुना. दोन्हींत कार्बन नाही, म्हणून तो त्या बाजूला. (चुनखडीत कार्बन असतो, कार्बन डायऑक्साइडमध्येही असतो, तरी त्यांना इकडे घेत नाहीत. ती वाटणी जुन्या सवयीने चालत आली आहे, तिच्यात फार अर्थ शोधू नका.) नानांच्या सर्टिफिकेटला यातल्या कशाने धक्का लागत नाही. ते शेतीचे नियम आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

पण एकाच मूलद्रव्यासाठी वेगळं शास्त्र का? लोखंडाला नाही, गंधकाला नाही, कार्बनचेच एवढे लाड कशासाठी?

घरी करून बघण्यासारखं एक सांगते. जुनी पळी घ्या, नवी घेतलीत तर बोलणी खाल. तिच्यात चमचाभर साखर घालून मंद गॅसवर धरा. साखर वितळते, सोनेरी होते, तपकिरी होते, आणि मग फसफसून धूर सोडायला लागते. त्या वेळी वर थंड ताटली धरली तर तिच्यावर ओल जमते. शेवटी पळीत काळाकुट्ट, हलका, जाळीदार कोळसा उरतो. पांढऱ्या साखरेत हा काळा कार्बन पहिल्यापासून होता. वजनाने बघाल तर साखरेचा ४२ टक्के भाग तोच. करपलेली भाकरी, जळलेला पापड, उदबत्तीची काजळी, सगळीकडे तोच शेवटी उरतो. आपल्याही अंगात वजनाच्या साधारण १८ टक्के कार्बन असतो. ६० किलोच्या माणसात ११ किलोच्या आसपास.

कार्बनच्या अणूला चार हात असतात असं मी वर्गात सांगते. खरं तर त्याच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि कक्षा भरायला आठ लागतात. चार कोणाला देऊन टाकणंही अवघड, चार ओढून घेणंही अवघड. म्हणून तो शेजाऱ्याशी भागीदारी करतो: एक तुझा, एक माझा, दोघांचे मिळून दोन. अशा चार भागीदाऱ्या झाल्या की तो तृप्त. चारही हातांना हायड्रोजन धरले की झाला मिथेन, गोबरगॅसमध्ये जळतो तो. एका हाताला दुसरा कार्बन धरला, त्याने तिसरा, की साखळी सुरू. ती लांब वाढेल, तिला फांद्या फुटतील, ती वळून स्वतःचंच शेपूट धरेल आणि कडं होईल. दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरू शकतात, तीन-तीन हातांनीही. आमच्या अभ्यासक्रमात या सगळ्याआधी नावं ठेवण्याचे नियम येतात, आणि तिथेच निम्मी मुलं या विषयाला कायमची बिचकतात. पोरगं जन्मायच्या आधीच बारशाची पंगत.

हे चार हात कागदावर अधिकच्या चिन्हासारखे काढतात, ते खोटं आहे. शेतात अनवाणी चाललेल्याला सराटा माहीत असतो. कसाही पडला तरी एक काटा वर. कार्बनचे हात तसे असतात, तीन खाली पसरलेले आणि एक वर, प्रत्येक दोन हातांत साधारण १०९ अंशांचा कोन. हे १८७४ साली व्हान्ट हॉफने मांडलं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पुढे तो पशुवैद्यकीय शाळेत नोकरीला लागला, तेव्हा कोल्बे नावाच्या बड्या प्राध्यापकाने त्याची छापील टर उडवली: जनावरांच्या डॉक्टरांच्या शाळेतला हा मुलगा आम्हाला अणूंच्या जागा सांगणार! १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल दिलं गेलं, ते या व्हान्ट हॉफला. सराटा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार हात तर सिलिकॉनलाही असतात. आवर्तसारणीत तो कार्बनच्या बरोबर खाली बसतो, आणि पृथ्वीच्या कवचात तो वजनाने २८ टक्के आहे, कार्बन एक टक्काही नाही. मग जीवसृष्टी सिलिकॉनची का नाही झाली? याचं उत्तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पायाखाली असतं. सिलिकॉनचा अणू थोराड, त्यामुळे दोन सिलिकॉनची एकमेकांवरची पकड दोन कार्बनच्या पकडीच्या साधारण दोन तृतीयांश. उलट ऑक्सिजनला त्याने एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट म्हणजे अशीच घट्ट धरलेली सिलिकॉन-ऑक्सिजनची जोडणी. त्यात लेणी कोरली तर दोन हजार वर्षं जशीच्या तशी. लेण्याला हे उत्तम, पण जगायला असं चालत नाही. जगणं म्हणजे धरणं आणि सोडणं, आणि तेही घरच्या तापमानाला. कार्बन घट्ट धरतो पण हट्टाने नाही. शिवाय कार्बन ऑक्सिजनशी मिळाला की वायू होतो. हवेतून फिरतो, पाण्यात विरघळतो, पानात शिरतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी मिळाला की वाळू होते. वाळूचा श्वास कसा सोडणार?

इथे नानांनी मला अडवलं. "पानात शिरतो म्हंजे? कार्बन तर खतातून जातो ना? एवढं शेणखत घालतो आम्ही."

नाही जात. म्हणजे जवळजवळ नाहीच. झाड माती खाऊन वाढतं ही समजूत फार जुनी. व्हान हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी ती तपासली. सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत घातली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन ७४ किलोंनी वाढलं, आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. म्हणजे झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवा त्याने मोजलीच नाही. मुळांतून नायट्रोजन, पोटॅश, स्फुरद आणि पाणी येतं. कार्बन येतो पानाच्या बारीक छिद्रांतून, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. आणि हवेत तो असतो दहा हजार भागांत चार.

एक किलो द्राक्षं, शुगर अठरा, म्हणजे साधारण १८० ग्रॅम साखर. या साखरेत (ती पळीतल्या साखरेहून थोडी वेगळी) कार्बन ४० टक्के, म्हणजे ७२ ग्रॅम. हिशोब केला तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा बारा-तेरा खोल्यांतल्या हवेत मिळून एवढा कार्बन सापडेल. एका किलोसाठी! वेलीने तो रेणू-रेणूने वेचून, उन्हाच्या जोरावर एकमेकांना जोडून मण्यात भरला. नाना काही बोलले नाहीत, पण वर मांडवाकडे बघून घेतलं.

मण्यातली ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जवळजवळ सारख्या प्रमाणात. दोन्हींत कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. पुन्हा तीच युरियाची कथा: अणू तेच, मांडणी वेगळी, आणि फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरंच गोड.

ग्लुकोजची मजा माळ ओवल्यावर येते. सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवले तर माळ स्प्रिंगसारखी गुंडाळते. तो स्टार्च: बाजरी, ज्वारी, तांदूळ, बटाटा. प्रत्येक दुसरा मणी उलटा करून ओवला तर माळ सरळ राहते. अशा सरळ माळा एकमेकींना चिकटून निजतात आणि चिवट धागा होतो. तो सेल्युलोज: कापूस, कडबा, लाकूड. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. आपल्या नोटांचा कागद कापसाचा, म्हणजे शंभराची नोट ही ग्लुकोजची माळ आणि बाजरीची भाकरी हीसुद्धा ग्लुकोजची माळ. भाकरीचा घास जास्त वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर (एन्झाइम) स्टार्चची गाठ सोडवतं. नोट चावून बघायला मी सांगणार नाही, पण ती कितीही चावली तरी गोड लागणार नाही. उलट्या मण्याची गाठ सोडवणारं विकर आपल्याकडे नाही. गाईकडेही नाही. पण तिच्या पोटात ते काम करणारे सूक्ष्मजीव आहेत, म्हणून कडबा तिला पचतो. फरक काय, तर मणी सुलटा की उलटा.

आता सराट्याकडे येऊ. त्याच्या चार टोकांना चार वेगवेगळ्या वस्तू टोचा, म्हणजे चिंच, बोर, हरभरा, शेंगदाणा. तशाच दुसऱ्या सराट्याला त्याच चार वस्तू टोचा, फक्त बोर आणि हरभरा यांची अदलाबदल करा. आता कितीही फिरवा, दोन्ही एकासारखे एक दिसणार नाहीत. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब होईल, डाव्या-उजव्या चपलेसारखं. कार्बनच्या रेणूंत असे डावे-उजवे असतात, आणि ते आधी सापडले द्राक्षाच्या आम्लात. हा माझा सगळ्यात लाडका तास.

द्राक्षाला आंबटपणा देणारं मुख्य आम्ल टार्टरिक. चिंचेतही तेच. वाइनच्या पिंपांत त्याचे क्षार खड्यांसारखे जमतात. एकोणिसाव्या शतकात त्याच पिंपांतून कधीकधी दुसरं एक आम्ल मिळायचं, अणूंच्या हिशोबात अगदी तेच; पण टार्टरिकच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळायचा आणि या दुसऱ्यातून सरळ जायचा. त्याला रेसिमिक आम्ल म्हणत, लॅटिनमध्ये 'रॅसेमस' म्हणजे द्राक्षाचा घड. १८४८ साली २५ वर्षांच्या लुई पाश्चरने या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघितले. त्यांत दोन जाती दिसल्या, एकमेकींची प्रतिबिंबं. तो चिमट्याने एकेक खडा वेचत बसला, तांदूळ निवडावेत तसा. डावे एका ढिगात, उजवे दुसऱ्या. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं तितकाच डावीकडे. एकत्र असले की दोघं मिळून शून्य. बियो नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा यावर विश्वास बसेना, त्याने पाश्चरला स्वतःसमोर बसवून सगळं पुन्हा करायला लावलं. बियो बरोबरच वागला, माझ्या मते.

यात नशिबाचा भाग असा की हे क्षार २७ अंशांच्या आसपासच्या खालीच असे वेगवेगळे स्फटिक देतं. त्याच्या वर डावे-उजवे एकाच स्फटिकात मिसळून बसतात. पाश्चर एप्रिल-मेमध्ये नाशकात पंख्याखाली बसला असता तर हाती काही लागलं नसतं.

या डाव्या-उजव्याचा वास घ्यायचा असेल तर स्वयंपाकघरात जा. पुदिन्याची पानं चुरगळून हुंगा, मग बाळंतशेपा चोळून हुंगा. पुदिन्याच्या वासात मोठा वाटा कार्व्होन नावाच्या रेणूचा. बाळंतशेपांतही कार्व्होनच, फक्त आरशातला. नाकातले वास पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) चपलेसारखे असतात, डावी उजव्या पायात जात नाही, म्हणून मेंदूला दोन निराळे वास कळतात.

तूप-तेलाबद्दल थोडक्यात. निफाडला जानेवारीत पारा पाचाच्या खाली जातो तेव्हा काकूंच्या फडताळात खोबरेल दगड होतं, तूप रवाळ घट्ट होतं आणि शेंगदाण्याचं तेल आपलं वाहत असतं. तिन्हींत कार्बनच्या लांब शेपट्या आहेत. सरळ शेपट्या काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना लागून बसतात आणि घट्ट होतात. शेपटीत एका जागी दोन कार्बननी एकमेकांना दोन हातांनी धरलं की तिथे बाक येतो, आणि वाकड्या काड्यांची मोळी नीट बांधली जात नाही. अठरा कार्बनचं सरळ आम्ल, स्टिअरिक, ६९ अंशांना वितळतं. तेवढ्याच लांबीचं, एक बाक असलेलं ओलेइक १३ अंशांना. त्या बाकात हायड्रोजन कोंबून शेपटी सरळ केली की डालडा.

प्रथिनांना तर सगळा आठवडा लागतो, पण नानांना मी मिसळीवरून सांगितलं. मटकीतलं प्रथिन म्हणजे वीस जातींच्या अमिनो आम्लांची ओवलेली माळ. कुठला मणी कुठल्या नंतर, यावर ती माळ कशी घडी घालून बसेल ते ठरतं, आणि घडीवरून ती केस होणार, स्नायू होणार की लाळेतलं विकर होणार ते ठरतं. वीसांपैकी ग्लायसिन सोडलं तर सगळी अमिनो आम्लं डावी-उजवी असू शकतात, पण मटकीत, नानांत आणि माझ्यात प्रथिनं बनतात ती डाव्यांचीच. ओवण्याचा क्रम डीएनएत लिहिलेला असतो, आणि डीएनएचा कणा म्हणजे पुन्हा पाच कार्बनची एक साखर आणि फॉस्फेट, आलटून पालटून.

"आणि जास्तीची मटकी खाल्ली तर?" नानांनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांना प्रथिनं वाढवायला सांगितलंय, म्हणून चौकशी.

जास्तीची प्रथिनं शरीर साठवत नाही. अमिनो आम्लातला कार्बन ऊर्जेसाठी जाळून टाकतं, पण नायट्रोजन मागे राहतो, आणि त्याचा अमोनिया झाला तर तो विषारी. म्हणून यकृत दोन नायट्रोजनांना एका कार्बनशी बांधतं, वर एक ऑक्सिजन ठेवतं आणि मूत्रपिंडाकडे पाठवून देतं. दिवसाला साधारण वीस-तीस ग्रॅम.

"बांधून काय होतं त्याचं?"

"युरिया."

"गोणीतला?"

"तोच. अणूला अणू तोच."

नाना बराच वेळ मांडवाखाली बघत राहिले. ऑर्गॅनिक एकराच्या त्या टोकाला दोन गडी बांधाआड पाठ करून उभे होते.

"सर्टिफिकिटवाले साहेब आले की यातलं काही बोलू नको," ते म्हणाले, आणि गड्यांना हाक मारायला निघाले.